परीघ आणि मुहीत

सातवीच्या गणितातली वर्तुळं बहुधा सातच्या पाढ्यात जन्माला येतात. व्यास सात सेंटिमीटर, चौदा सेंटिमीटर, एकवीस मीटर. फार झालं तर त्रिज्या साडेतीन. बावीस सप्तमांशाने गुणलं की खालचा सात वरच्या सातला खाऊन टाकतो, उत्तर नेटकं पूर्णांकात येतं आणि वर्ग पुढच्या उदाहरणाकडे वळतो. मुलांची सोय व्हावी म्हणूनच हे केलेलं असतं, त्यात कुणाचा दोष नाही. पण या सोयीचा एक परिणाम होतो. वर्तुळाचा परीघ व्यासाच्या बरोबर बावीस सप्तमांश पट असतो, अशी मुलाची खात्री पटते आणि ही खात्री पुढे आयुष्यभर टिकते. आमच्या ओळखीचे अनेक पदवीधर आजही तसंच सांगतात.

साहित्याच्या वार्षिकात गणिताचं काय काम, असं कुणी विचारील. आमच्या मते काम आहे, कारण हा प्रश्न आकड्यांइतकाच शब्दांचाही आहे; आणि शब्दांच्या मागे इतिहास आहे, तोही आपल्या वाशीम जिल्ह्याच्या अगदी दाराशी आलेला.

वाशीम, कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव, रिसोड, मानोरा या सहा तालुक्यांत मराठी शाळा आहेत तशा उर्दू शाळाही आहेत. दोन्हीकडे बालभारतीचंच पुस्तक. आकृती तीच, उदाहरण तेच. मराठी शाळेतलं मूल वर्तुळ, व्यास, त्रिज्या, परीघ म्हणतं. उर्दू शाळेतलं दायरा, कुत्र, निस्फ कुत्र, मुहीत म्हणतं. इथवर ठीक. अडचण येते ती उर्दू शाळा संपून मूल मराठी शाळेच्या वर्गात बसतं तेव्हा. फळ्यावरच्या वर्तुळाला मधोमध छेदणारी रेघ दाखवून गुरुजी विचारतात, ही काय? मूल उत्साहाने हात वर करतं आणि म्हणतं, ‘कुत्र!’ पुढे काय होतं ते सांगायला नको. कंठातून उच्चारायचा तो अरबी ‘क’ मराठी कानाला कळत नाही. कळतो तो गल्लीतला कुत्रा. अख्खा वर्ग हसतो. त्या हसण्यात दुष्टावा नसतो. पण ज्याला वर्तुळाचा व्यास पक्का ठाऊक होता तो मुलगा, ती मुलगी, त्या तासापुरती गप्प होते. काही जण कायमची गप्प होतात. गणित कच्चं आहे असा शेरा नंतर येतो. खरं तर गणित पक्कं असतं, शब्द परका ठरलेला असतो.

म्हणून आधी शब्दांचीच ओळख करून घेऊ. मुहीत म्हणजे सभोवार वेढणारं. आपल्याकडच्या जुन्या वाड्याला ‘अहाता’ असतो, तो याच धातूतून आलेला. परीघ म्हणजे तरी दुसरं काय? वर्तुळाला पडलेलं कुंपणच. जीवा हा शब्द तर आणखी दूरचा प्रवास करून आला आहे. धनुष्याच्या दोरीला आपण जीवा म्हणतो आणि वर्तुळाच्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेलाही तेच नाव देतो. आपल्या खगोलशास्त्राचे ग्रंथ आठव्या शतकात बगदादला गेले तेव्हा हा शब्द अरबांनी आपल्या लिपीत जसाच्या तसा उतरवून घेतला. अरबीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत. पुढच्या पिढ्यांनी तो ‘जैब’ असा वाचला. जैब म्हणजे अंगरख्याचा गळा, खळगा. लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी खळग्यालाच प्रतिशब्द शोधला, ‘सायनस’, आणि आज आपली मुलं अकरावीत ज्याला ‘साइन’ म्हणतात ते हेच. संस्कृत दोरीचा अरबी खिसा झाला, खिशाची लॅटिन खोबण झाली, आणि तो शब्द इंग्रजी पुस्तकातून पुन्हा आपल्याच घरी पाहुण्यासारखा आला.

आता नवव्या शतकाकडे वळू. वऱ्हाडचा हा मुलूख त्या वेळी राष्ट्रकूटांच्या राज्यात होता. वाकाटकांची वत्सगुल्म नगरी, म्हणजेच आजचं वाशीम, आपलं राजधानीचं वैभव तीनएकशे वर्षांपूर्वीच मागे टाकून बसली होती. या राष्ट्रकूटांच्या काळात इ. स. ८१६ मध्ये जैन आचार्य वीरसेन यांनी ‘धवला’ ही प्रचंड टीका पूर्ण केली. ग्रंथ कर्मसिद्धांताचा, पण जैनांच्या विश्वरचनेत सगळं गोलाकार, द्वीपं गोल, समुद्र गोल, आणि त्यांची मापं काढायची तर परीघ काढल्यावाचून सुटका नाही. वीरसेन एक रीत देतात: व्यासाला सोळाने गुणा, त्यात सोळा मिळवा, एकशे तेराने भागा आणि येईल त्यात व्यासाची तिप्पट घाला, हा परीघ सूक्ष्माहूनही सूक्ष्म. मधली ती जास्तीची सोळा अभ्यासकांना कोड्यात टाकते. ती बाजूला ठेवली तर उरतो व्यासाचा ३५५/११३ पट परीघ, म्हणजे ३.१४१५९२९. सहा दशांश स्थळांपर्यंत बिनचूक! चीनमध्ये त्सू छुंग-चि याने हाच अपूर्णांक पाचव्या शतकात शोधला होता. तिथून इथे आला की इथे स्वतंत्रपणे सापडला, यावर हिरिरीने भांडणारे लोक आहेत. आम्हाला त्या भांडणात रस नाही.

या ग्रंथाची ताडपत्रं कर्नाटकात मूडबिद्रीला होती. ती छापून जगापुढे आली मात्र वऱ्हाडातून. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणारे डॉ. हीरालाल जैन हे या कामाचे सूत्रधार. त्याआधी त्यांचं लक्ष वेधलं होतं ते आपल्या कारंज्याने. कारंज्यात सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशा तीन परंपरांची मंदिरं आणि त्यांचे ग्रंथभांडार. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातील हस्तलिखितांची जी सूची नागपूरहून १९२६ मध्ये निघाली, तिच्यात कारंज्याच्या पोथ्यांना मोठी जागा मिळाली. पुढे १९३१ पासून अपभ्रंश काव्यांची एक ग्रंथमालाच कारंज्याच्या नावाने निघाली. तो अनुभव गाठीशी बांधून हीरालालजींनी १९३९ मध्ये अमरावतीहून ‘धवला’चा पहिला खंड काढला. सोळा खंडांचं हे काम पुरं व्हायला वीस वर्षं लागली. १९४२ च्या चौथ्या खंडाला लखनौ विद्यापीठाचे डॉ. अवधेश नारायण सिंह यांनी ‘धवला’तील गणितावर निबंध जोडला, तेव्हा कुठे गणिताच्या जगाला वीरसेनांची ही रीत कळली. हे सगळं घडलं ते कारंज्यापासून बसने दोनेक तासांच्या अंतरावर. कारंज्याच्या सातवीच्या वर्गात याची कधी वाच्यता होते का? आमच्या कानावर तरी आलेली नाही.

वीरसेनांची लेखणी थांबून पुरी पंधरा-वीस वर्षंही झाली नसतील, तेव्हा तिकडे बगदादमध्ये मुहम्मद इब्न मूसा अल्-ख्वारिज्मी आपला बीजगणिताचा ग्रंथ लिहीत होता. मोजमापाच्या प्रकरणात तो परिघासाठी एक नाही, तीन गुणोत्तरं देतो. पहिलं तीन पूर्णांक एक सप्तमांश, म्हणजेच आपलं बावीस सप्तमांश. हे लोकांच्या व्यवहारातलं, सिद्ध केलेलं नव्हे, असं तो सांगतो. दुसरं दहाचं वर्गमूळ, भूमितीकारांचं. तिसरं ज्योतिर्विदांचं, ६२८३२ भागिले २००००. हे तिसरं पाहून आपण थबकायला हवं. हा अपूर्णांक आकड्यासकट आर्यभटाचा आहे, इ. स. ४९९ चा. दहाचं वर्गमूळ ही तर जैन गणिताची जुनी खूण. अमोघवर्ष राष्ट्रकूटाच्या काळात, साधारण ८५० मध्ये, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त ढोबळ हिशेबाला तीन आणि सूक्ष्म हिशेबाला दहाचं वर्गमूळ सांगितलं आहे. (याच महावीराचार्यांनी लांबट वर्तुळाच्या परिघाचीही रीत दिली, आणि ती बरीच जवळ जाणारी आहे. त्यांचा ग्रंथ हिंदी अनुवादासह १९६३ मध्ये सोलापूरहून निघाला.) म्हणजे एका बगदादी मुसलमानाच्या पानावर व्यवहाराचं, जैनांचं आणि आर्यभटाचं अशी तीनही गुणोत्तरं एकाखाली एक बसली आहेत, आणि लेखकाला त्यात काही विशेष वाटत नाही. का वाटावं? सुलेमान नावाच्या व्यापाऱ्याच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या ८५१ च्या वृत्तांतात ‘बल्हरा’ राजाची स्तुती आहे, की तो अरबांवर माया करतो. हा बल्हरा म्हणजे वल्लभराज, आपला राष्ट्रकूट राजाच. जिथे मिरी, कापड आणि घोडे ये-जा करतात तिथे एक अपूर्णांक किती जड होणार?

आर्यभटाने आपल्या आकड्याला ‘आसन्न’ म्हटलं आहे. आसन्न म्हणजे जवळचं. आमच्या मते या साऱ्या गोष्टीतला हा सर्वांत मोलाचा शब्द. ११५० मध्ये भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त ३९२७/१२५० हे गुणोत्तर सूक्ष्म म्हणून दिलं आणि बावीस सप्तमांशाला स्थूल, पण व्यवहाराला योग्य असं म्हटलं. ख्वारिज्मीचा शेराही नेमका हाच नव्हता का? बाराव्या शतकातल्या सह्याद्रीच्या पायथ्याच्या पंडिताला जे सांगणं आवश्यक वाटलं ते आपण आपल्या मुलाला सांगत नाही. ‘पायची किंमत २२/७ घ्या’ एवढं सांगून मोकळे होतो. ‘घ्या’ या क्रियापदात दडलेला अंदाज मुलाला ऐकू येत नाही. (ही खूण ग्रीक मुळाक्षराची. परीघ आणि व्यास यांच्या गुणोत्तरासाठी ती पहिल्यांदा वापरली १७०६ मध्ये, वेल्सच्या विल्यम जोन्सने. मराठीत उच्चार ‘पाय’ झाल्यामुळे होणारे विनोद वेगळेच.)

‘लीलावती’चा पुढचा प्रवास तर आपल्या या व्यासपीठाने मिरवावा असा आहे. चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ उभारला, त्याचा १२०७ चा शिलालेख आहे. आणि १५८७ मध्ये अकबराच्या सांगण्यावरून अबुल फैज फैजीने ‘लीलावती’ फारसीत आणली. मुलीच्या लग्नाची घटिका, घटिकापात्रात निसटून पडलेला मोती, चुकलेला मुहूर्त आणि तिच्या समाधानासाठी लिहिलेला ग्रंथ, ही मराठी घराघरांत सांगितली जाणारी कथा आज सर्वांत जुन्या रूपात सापडते ती फैजीच्या प्रस्तावनेत. आपल्या भास्कराचार्यांविषयीची सर्वांत हळवी आठवण एका फारसी कवीने जपून ठेवली आहे! हाच फैजी १५९१ मध्ये बादशहाचा वकील म्हणून खानदेश आणि अहमदनगरच्या दरबारांत आला होता. फारसी ‘लीलावती’ पुढे १८२७ मध्ये कलकत्त्याला छापली गेली. भास्कराचार्यांचं ‘बीजगणित’ शहाजहानच्या काळात, १६३४ च्या सुमारास, अताउल्लाह रशीदीने फारसीत आणलं. आणि औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्याच्या दरवाजावर शिल्पकार म्हणून नाव आहे तेही अताउल्लाहचंच. त्या मकबऱ्याचा घुमट रेखणाऱ्याने भास्कराचार्य वाचलेला होता, हे घुमट पाहायला नेलेल्या सहलीतल्या मुलांना सांगायला काय हरकत आहे?

१५९६ मध्ये वऱ्हाड अकबराकडे गेलं. ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये ‘बासिम’ आहे, हे आपलं वाशीम. त्याच ग्रंथात मुलांनी काय शिकावं याची यादी आहे: नीती, हिशेब, शेतकी, मोजणी, भूमिती, खगोल. शिवाय शेजारच्या मेहकर सरकारातल्या लोणारचं वर्णन आहे. एक कोस लांब, एक कोस रुंद, उंच टेकड्यांनी वेढलेलं खारं पाणी, काच आणि साबण करायला लागणारा माल तिथे मिळतो. लांबी-रुंदी सारखीच सांगितली, म्हणजे अबुल फजलने नकळत व्यासच सांगितला. लोणार आता बुलढाणा जिल्ह्यात असलं तरी रिसोड-मालेगावच्या मुलांची सहल तिथे हमखास जाते. विवराच्या कडेचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. म्हणजे काठाकाठाने पुरा फेरा मारायचा तर साडेपाच किलोमीटरच्या वर चालणं आलं. हे गणित पुस्तकातल्या सात सेंटिमीटरच्या वर्तुळापेक्षा मुलांच्या पायांना चांगलं कळेल.

आणि जमशीद अल्-काशी. उलुग बेगच्या समरकंदमध्ये बसून या माणसाने १४२४ मध्ये जो ग्रंथ लिहिला त्याचं नावच ‘अर्-रिसाला अल्-मुहीतिया’, परिघाविषयीचा प्रबंध. उर्दू शाळेतल्या मुलीच्या वहीतला ‘मुहीत’ तो हाच. अर्किमिडीजने शहाण्णव बाजूंची आकृती वर्तुळात बसवून परीघ कोंडीत पकडला होता. काशीने बाजू वाढवत वाढवत ऐंशी कोटींच्या पलीकडे नेल्या. ८०५३०६३६८ बाजू! आणि पायची किंमत सोळा दशांश स्थळांपर्यंत बरोबर काढली. त्याच्या थोडं आधी केरळात माधवाची परंपरा अकरा स्थळांपर्यंत पोचली होती, तीही वेगळ्याच वाटेने, अनंत श्रेढीच्या. काशीच्या पुढे जायला युरोपला १५९६ साल उजाडावं लागलं. म्हणजे इकडे वऱ्हाडचा धनी बदलत होता त्या वर्षी. काशीने एवढा खटाटोप का केला? त्याने आधीच ठरवून टाकलं होतं, की पृथ्वीच्या सहा लाख पट व्यासाचं विश्व मानलं तरी त्याच्या परिघात केसाच्या जाडीएवढीही चूक राहता कामा नये. चूक किती चालेल हे आधी ठरवायचं आणि मग हिशेबाला बसायचं, ही शिस्त आम्हाला त्याच्या सोळा आकड्यांपेक्षाही मोठी वाटते.

हे नाव अलीकडे आपल्या सभा-संमेलनांतून ऐकू येतं. ख्वारिज्मी, काशी, बीरुनी, ही नावं घेतली की टाळ्या पडतात. तिकडे दुसऱ्या मंडपात आर्यभट आणि भास्कराचार्यांवर टाळ्या पडतात. दोन्ही मंडपांत बसलेल्या किती जणांना परीघ काढता येतो, हे मात्र कुणी विचारत नाही. वाशीम २०१८ पासून नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, आणि ती यादी करताना शिक्षणही तपासलं गेलं होतं. समरकंदचा अभिमान मंगरूळपीरच्या मुलीला आठवीच्या पुढे नेणार नसेल तर त्याचा उपयोग काय, असा प्रश्न आम्ही आमच्याच मंडपाला आधी विचारतो.

मग शिकवायचं कसं? साधनं घरातच आहेत. सायकलच्या चाकावर खडूची खूण करून एक पूर्ण फेरा जमिनीवर फिरवा. जुन्या अठ्ठावीस इंची सायकलचा फेरा अठ्ठ्याऐंशी इंचांच्या आसपास भरतो. (हे एक चाक मात्र खरोखरच सातच्या पाढ्यातलं!) बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव चढवणारा लोहार परीघ ‘काढत’ नसे, मोजत असे. चाकाभोवती दोरी फिरवायची, धाव त्याहून किंचित आखूड ठेवायची, तापवून फुगवायची आणि चढवून पाणी ओतायचं. चार फूट व्यासाच्या चाकाला बावीस सप्तमांश वापरलं तर चूक होते दीड मिलिमीटरची, ती त्याच्या घणाखाली गडप. लोणारच्या काठावर हीच चूक सव्वादोन मीटरच्या घरात जाते. पृथ्वीच्या विषुववृत्तावर ती सोळा किलोमीटर होते. तिथे वीरसेनांचा ३५५/११३ घेतला तर साडेतीन मीटरवर येते. एकाच फळ्यावर ही चार ओळींची गोष्ट मांडली, की आसन्न, स्थूल आणि सूक्ष्म हे शब्द मुलांना वेगळे समजावून द्यावे लागत नाहीत.

पण आमचा सगळ्यात भरवसा बांगडीवर आहे. मणियाराचा व्यवसाय आपल्या समाजातल्या कितीतरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चाललेला. त्याच्या डब्यांवर आकडे असतात २.४, २.६, २.८, २.१०. वर्गात या बांगड्या आणा आणि विचारा, मोठी कोणती? दशांश शिकलेलं मूल २.८ ला २.१० पेक्षा मोठं म्हणेल. मणियाराची न शिकलेली मुलगी हसेल, कारण तिला ठाऊक आहे की २.१० मोठी. तो टिंब दशांशाचा नाहीच. दोन इंच आणि वर सोळापैकी चार भाग, म्हणजे २.४ ची बांगडी सव्वादोन इंचांची, २.८ ची अडीच इंचांची. जुन्या आण्यांचा हिशेब बांगडीत अजून जिवंत आहे, रुपयात सोळा आणे तसे इंचात सोळा भाग. या तासाला वर्गात हसू आलंच तर ते निदान मणियाराच्या मुलीवर येणार नाही.

आता तिच्याच हाती दोरा द्या. २.४ च्या काचेच्या बांगडीभोवती दोरा गुंडाळला तर, काच तीन मिलिमीटर जाड असेल तर, तो भरेल सुमारे १९८ मिलिमीटर. डब्यावरचे सव्वादोन इंच म्हणजे ५७ मिलिमीटर. भागाकार येतो जवळजवळ साडेतीन. पुस्तक म्हणतं ३.१४. कोण खरं? शिक्षकाने इथे उत्तर सांगू नये. मुलं पुन्हा मोजतील, दोरा ताणतील, पट्टीला दोष देतील. मग कुणीतरी बांगडी हातात घालून पाहील आणि म्हणेल, डब्यावरचं माप तर आतलं आहे, हाताचं. दोरा आपण बाहेरून गुंडाळला. बाहेरचा व्यास मोजला की ६३ मिलिमीटर भरतो. एकशे अठ्ठ्याण्णव भागिले त्रेसष्ट. हा भागाकार मुलांनाच करू द्या, आणि तो झाल्यावर फळ्यावर दोन शब्द शेजारी शेजारी लिहा: परीघ, मुहीत. त्यांच्या खाली व्यास आणि कुत्रही लिहा, कंठातल्या उच्चारासकट म्हणून दाखवा.